एकदा दिलेला कौल पुन्हा मागता येतो का?

युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे यावरच्या ब्रिटनमधल्या सार्वमताच्या साधारण महिनाभर आधी, मे २०१६मध्ये, बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनी सांगून ठेवले होते की निकाल ५२ विरुद्ध ४८ असा लागला, तर विषय संपला असे कोणी समजू नये. युरोपीय संघात राहू इच्छिणारे थोडक्यात जिंकतील, अशी तेव्हा त्यांना धास्ती होती. त्याच महिन्यात ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर एक अर्ज दाखल झाला. जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्के मते मिळाली नाहीत आणि मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी झाले, तर सार्वमत पुन्हा घ्यावे, अशी त्यात मागणी होती. अर्ज करणारा बाहेर पडण्याच्या बाजूचा होता. २३ जूनला मतदान झाले. निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ असाच लागला, पण उलट बाजूने. मग त्याच अर्जावर राहण्याच्या बाजूच्या लोकांची रीघ लागली आणि सह्या चाळीस लाखांच्या पुढे गेल्या.

या घटनेवरून दोन्ही बाजूंना दुटप्पी ठरवणे सोपे आहे. मला ती वेगळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. फेरमतदान कधी रास्त आणि कधी नाही, हे निकाल हाती आल्यावर ठरवायला बसलो की प्रामाणिक माणसालासुद्धा आपली बाजू बाजूला ठेवून विचार करणे जमत नाही. फरक फार कमी होता, लोक फसले, लोकांना आता पश्चात्ताप होतो आहे, या तिन्ही सबबी हरलेल्या बाजूला खऱ्या वाटतात आणि जिंकलेल्या बाजूला रडगाणे वाटतात. म्हणून मी या तिन्हींना फेरमतदानाचा आधार मानत नाही. माझ्या मते आधार एकच असू शकतो: लोकांपुढे आता ठेवला जाणारा प्रश्न आधीच्या प्रश्नाहून खरोखर वेगळा आहे का?

या कसोटीवर २०१८-१९मध्ये ब्रिटनमध्ये दुसरे सार्वमत घ्यायला हवे होते, असे मी ठामपणे म्हणतो. आणि ते मागणाऱ्यांनी ज्या पद्धतीने मागितले, त्यामुळेच ते मिळाले नाही, असेही म्हणतो.

आधी पहिल्या मतदानाकडे पाहू. २०१५च्या कायद्याने मतपत्रिकेवर दोनच पर्याय ठेवले: युरोपीय संघाचे सदस्य राहणे किंवा संघ सोडणे. पहिल्या पर्यायाचा अर्थ ठाऊक होता, कारण देश ते चार दशके जगत होता. दुसऱ्या पर्यायाचा अर्थ कोणीही लिहून दिलेला नव्हता. सामायिक बाजारपेठेत राहून बाहेर पडायचे, नॉर्वेसारखे? कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे आपसात जकात नसलेल्या गटात, राहायचे? की सगळेच तोडून साधा व्यापार करार करायचा? उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्या सीमेचे काय, जिच्यावर तपासणी नाके पुन्हा उभे राहणे कोणालाच नको होते? प्रचारात या प्रश्नांची उत्तरे माणसागणिक वेगळी होती. बाहेर पडण्याच्या बाजूने बसवर रंगवलेला, संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. तो दिशाभूल करणारा आहे, असे खुद्द देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने सांगितले होते. दुसऱ्या बाजूनेही काही कमी केले नाही. बाहेर पडलात तर ताबडतोब करवाढीचा आणि खर्चकपातीचा आणीबाणीचा अर्थसंकल्प मांडावा लागेल, असा इशारा अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी दिला. तसा अर्थसंकल्प कधी आला नाही.

कायद्याचा आणखी एक दोष क्वचितच चर्चेत येतो. हे सार्वमत कायद्याने सल्लादायी होते. निवडणूक पद्धत बदलण्याबाबत २०११मध्ये झालेल्या सार्वमताच्या कायद्यात कौल होकारार्थी आला तर सरकारने काय करायचे हे लिहिलेले होते. २०१५च्या कायद्यात तशी तरतूदच नव्हती. उलट सरकारने घरोघर पाठवलेल्या पत्रकात मात्र ‘तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल’ असे आश्वासन होते. कायदा म्हणतो हा सल्ला आहे, सरकार म्हणते हा आदेश आहे, आणि आदेश नेमका कशाचा हे कोणालाच माहीत नाही, अशा पायावर एका देशाची पुढची चार वर्षे उभी राहिली.

हे टाळता आले असते, आणि टाळण्याची कल्पना बाहेर पडण्याच्या बाजूनेच मांडली होती. हुजूर पक्षाचे खासदार जेकब रीस-मॉग यांनी २०११मध्ये संसदेत दोन सार्वमतांची शक्यता बोलून दाखवली होती. दुसरे वाटाघाटी पूर्ण झाल्यावर घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ब्रेक्झिटमंत्री झालेले डेव्हिड डेव्हिस यांनी २००२मध्येच बजावले होते की कोऱ्या कागदावर लोकांचे मत घेऊन तपशील नंतर भरणे योग्य नाही. न्यूझीलंडने हा धडा त्याआधीच गिरवला होता. तिथे निवडणूक पद्धत बदलायची का, आणि बदलायची तर पर्यायांपैकी कोणती, असे १९९२मध्ये विचारले. बदलाच्या बाजूने जवळपास ८५ टक्के मते पडली. मग १९९३मध्ये जुनी पद्धत आणि निवडलेला नवा पर्याय समोरासमोर ठेवून दुसरे, बंधनकारक मतदान झाले. नवी पद्धत ५३.९ टक्क्यांनी जिंकली. ८५वरून ५४. ‘बदल हवा’ आणि ‘हा बदल हवा’ यांत किती अंतर असू शकते, ते या दोन आकड्यांत दिसते. तरीही तिथे दुसऱ्या मतदानाला कोणी विश्वासघात म्हटले नाही, कारण दोन टप्पे होणार हे आधीच जाहीर होते.

ब्रिटनमध्ये दुसरा टप्पा आधी ठरलेला नव्हता, पण परिस्थितीने तो समोर आणून ठेवला. पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ला संघ सोडण्याची, म्हणजे कलम ५०ची, नोटीस दिली, जूनमध्ये निवडणूक घेऊन बहुमत गमावले, आणि अखेर जो करार आणला तो १५ जानेवारी २०१९ला संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी कोसळला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. त्याच करारावर संसद तीनदा मतदान करू शकते, पण जनतेने एकदाही करायचे नाही, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. खासदारांनी पर्यायांची चाचपणी केली तेव्हा एकाही पर्यायाला बहुमत मिळाले नाही. १ एप्रिलच्या मतदानात कस्टम्स युनियनचा प्रस्ताव तीन मतांनी हरला, आणि कोणताही करार लोकांच्या संमतीला ठेवावा हा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ असा बारा मतांनी. देश दुसऱ्या सार्वमतापासून बारा मतांवर होता.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत जड म्हणणे. ते मला हलके करून मांडायचे नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०१६चे मतदान ७२.२ टक्के झाले. आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा कितीतरी जास्त. संडरलँडने ६१ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, लिंकनशरमधल्या बॉस्टनने तर ७५ टक्क्यांहून अधिक. जहाजबांधणी आणि खाणी बंद पडलेल्या, दशकानुदशके एकाच पक्षाचे खासदार निवडून देणाऱ्या आणि म्हणून कोणीच ज्यांच्या मताची फिकीर करत नाही अशा भागांतल्या लोकांना पहिल्यांदाच जाणवले होते की आपले मत लंडनमधल्या मताइतकेच मोजले जाते. त्यांना तीन वर्षांनी ‘पुन्हा एकदा विचार करा’ म्हणून सांगणे म्हणजे काय? ते मत चुकीचे होते असे सांगणेच. लोकशाहीत जिंकणाऱ्याच्या आनंदापेक्षा हरणाऱ्याची संमती महत्त्वाची असते: मी हरलो, पण डाव सरळ होता आणि पुढच्या वेळी माझीही पाळी येईल. ही संमती एकदा मोडली की ती कायद्याने परत आणता येत नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदाराची हत्या झाली होती. देशातला कडवटपणा किती खोल गेला आहे याची कल्पना सर्वांना होती. अशा वेळी सावधगिरी सांगणाऱ्याला भित्रा म्हणता येणार नाही.

पण या म्हणण्यातून फेरमतदान कधीच नको असा निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्यांदा विचारताना संडरलँडच्या मतदाराला त्याचे पहिले मत मोजले गेले आहे हे दिसले पाहिजे, एवढाच निघतो. ‘तुम्ही बाहेर पडायचे ठरवलेत, त्याप्रमाणे सरकारने हा करार आणला आहे, हेच तुम्हाला हवे होते का?’ हा प्रश्न त्याच्या मताचा मान राखतो. ‘तुम्हाला खोटे सांगितले गेले होते, आता नीट मत द्या’ हा त्याचा अपमान आहे. दुर्दैवाने दुसऱ्या सार्वमतासाठी लंडनमध्ये निघालेल्या प्रचंड मोर्चांमध्ये, २३ मार्च २०१९च्या मोर्चातही, दुसराच सूर चढा होता. मोहीम करारावर मत मागत होती आणि गर्दीच्या हातांत युरोपीय संघाचे निळे झेंडे होते. कलम ५०ची नोटीसच मागे घ्यावी या अर्जावर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या. म्हणजे लोकांना विचारायचेच नाही, थेट रद्द करायचे. त्या सह्यांमागची तळमळ मी समजू शकतो. पण ज्यांचे मन वळवायचे होते त्यांनी त्यातून एकच अर्थ घेतला.

युरोपीय संघाशी निगडित सार्वमते पुन्हा घेतली गेल्याची उदाहरणे दिली की कोणीतरी हमखास म्हणते, ‘ब्रुसेल्सला हवे ते उत्तर मिळेपर्यंत मतदान घेत राहतात.’ डेन्मार्क आणि आयर्लंड ही त्यासाठीची ठरलेली नावे. मी ही उदाहरणे जरा बारकाईने पाहिली, तेव्हा ती एकसारखी नाहीत असे दिसले.

डेन्मार्कने २ जून १९९२ला युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिक्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. त्यानंतर एडिंबरा इथल्या युरोपीय नेत्यांच्या बैठकीत डेन्मार्कला चार बाबतींत सूट मिळाली: सामायिक चलन, संरक्षण, न्याय व गृहव्यवहार, आणि संघाचे नागरिकत्व. मे १९९३मध्ये लोकांसमोर आले ते या सवलतींसह आलेले नवे पॅकेज, आणि ५६.७ टक्क्यांनी ते स्वीकारले गेले. त्या रात्री कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे जखमी झाली. प्रश्न बदलला होता तरीही जखम झालीच, हे विसरून चालणार नाही. पण पुढे काय झाले तेही पाहावे. त्या सवलती कागदावर राहिल्या नाहीत. डेन्मार्क आजही युरोच्या बाहेर आहे. संरक्षणाची सूट सोडून द्यायची वेळ आली तेव्हा, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२मध्ये, सरकारने ती पुन्हा लोकांनाच विचारून सोडली. १९९२च्या नकाराला तीस वर्षे किंमत होती.

आयर्लंडमध्ये संघाच्या विस्ताराची तयारी करणारा नीस करार २००१मध्ये पडला तेव्हा मतदान जेमतेम ३५ टक्के होते. आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेला धक्का लागणार नाही अशा घोषणेनंतर २००२मध्ये पुन्हा मतदान झाले आणि करार जवळपास ६३ टक्क्यांनी मंजूर झाला. इथे एक आकडा बोलका आहे. ‘नाही’ म्हणणारे दोन्ही वेळा साधारण ५ लाख ३० हजारच होते. ‘हो’ म्हणणारे साडेचार लाखांवरून नऊ लाखांवर गेले. म्हणजे नकार देणारे दडपणाखाली फुटल्याचे दिसत नाही. पहिल्या वेळी घरी बसलेले बाहेर पडले. संघाचा कारभार बदलणाऱ्या लिस्बन कराराचे मात्र वेगळे. २००८मध्ये ५३.४ टक्क्यांनी नकार, २००९मध्ये ६७ टक्क्यांनी होकार, आणि ‘नाही’ची मते साडेआठ लाखांवरून सहा लाखांच्या आत आली. इथे लोकांची मते खरोखर बदलली. संघाच्या कार्यकारी आयोगात प्रत्येक देशाचा आयुक्त कायम राहील ही हमी मिळाली होती हे खरे. पण मधल्या काळात आर्थिक संकटाने आयर्लंडचे कंबरडे मोडले होते, आणि घाबरलेल्या देशाला तोच मजकूर पुन्हा विचारला गेला, हेही खरे. लिस्बनच्या बाबतीत टीकाकारांचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. करारातला एक शब्दही बदलला नव्हता. बदलली होती ती त्याभोवतीची आश्वासने.

याच आयर्लंडने घटस्फोटाबाबत दोनदा मत दिले. १९८६मध्ये ६३.५ टक्क्यांनी नकार, १९९५मध्ये होकार, आणि तोही फक्त ९,११४ मतांच्या फरकाने. हा निकाल उलटवावा म्हणून देश पेटला नाही. नऊ वर्षांत समाज बदलला होता, विभक्त राहणाऱ्या जोडप्यांच्या मालमत्तेचे आणि मुलांचे प्रश्न कायद्याने आधी सोडवले होते, आणि लोकांना आता काय होणार हे नेमके ठाऊक होते. म्हणून नुसता फरक कमी आहे एवढ्याने निकाल कच्चा ठरत नाही. टक्केवारीची अट घालून हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी १९७९चे स्कॉटलंड आठवावे. तिथे स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने ५१.६ टक्के मते पडली, पण एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही म्हणून प्रस्ताव बारगळला. जे मतदानाला आलेच नाहीत ते विरोधकांत मोजले गेले, ही सल अठरा वर्षे राहिली. १९९७मध्ये पुन्हा विचारले तेव्हा ७४ टक्क्यांनी होकार आला.

खोट्या प्रचाराचे काय, असा प्रश्न उरतोच. त्यावर स्वित्झर्लंडने एक मार्ग दाखवला आहे, निदान त्यांच्या व्यवस्थेत चालणारा. विवाहित जोडप्यांवरचा जास्तीचा कर हटवण्याचा प्रस्ताव तिथे फेब्रुवारी २०१६मध्ये ५०.८ टक्क्यांनी पडला. सरकारच्या माहितीपत्रात अशी सुमारे ८० हजार दुहेरी कमाईची जोडपी असल्याचे म्हटले होते. खरा आकडा साडेचार लाखांच्या घरात निघाला. एप्रिल २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की चूक सरकारी माहितीतली होती, आणि तिचे मोजमाप हरलेल्या पक्षाने न करता न्यायालयाने केले. प्रचारसभेतल्या प्रत्येक थापेसाठी फेरमतदान मागू लागलो तर जगातली एकही निवडणूक टिकणार नाही.

आणि ज्यांना वाटते की पुन्हा पुन्हा विचारल्याने काही बिघडत नाही, त्यांनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताकडे पाहावे. १९८०मध्ये स्वतंत्र होण्याला जवळपास ६० टक्क्यांनी नकार मिळाला. १९९५मध्ये ९३ टक्क्यांहून अधिक मतदान होऊन नकार जिंकला तो ५०.५८ टक्क्यांनी, ५४ हजारांच्या फरकाने. प्रश्नाची भाषा इतकी गुंतागुंतीची होती की ‘हो’ म्हटल्यावर कॅनडाशी नाते नेमके काय उरणार यावरच वाद होता. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत हवे असे सांगितले आणि २०००मध्ये तसा कायदा झाला. ‘स्पष्ट बहुमत’ म्हणजे किती, हे मात्र कायद्याने मोकळे ठेवले. मला वाटते तिथे कॅनडाने अर्धेच काम केले.

पुन्हा ब्रिटनकडे. १२ डिसेंबर २०१९च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा मिळाल्या. दुसरे सार्वमत किंवा थेट माघार यांच्या बाजूच्या पक्षांच्या मतांची बेरीज निम्म्याच्या किंचित वर भरत होती, पण ती मते मजूर पक्ष, लिबरल डेमोक्रॅट, स्कॉटिश राष्ट्रवादी आणि ग्रीन यांच्यात विखुरलेली होती. ही बेरीज दाखवून ‘खरा कौल आमचाच’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही; मजूर पक्षाला मत देणारा प्रत्येकजण सार्वमतासाठी देत नव्हता. पण उलट बाजूचा दावाही मला मान्य नाही. सार्वत्रिक निवडणुकीत आरोग्यसेवा, कर, नेत्याविषयीची नावड असे सगळे एका मतात कोंबलेले असते. करारावर लोकांनी मत दिले असे म्हणायचे असेल तर करार एकटा त्यांच्यापुढे यायला हवा होता. तो आला नाही. ३१ जानेवारी २०२०ला देश बाहेर पडला, आणि ज्या स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी व उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता, ते त्याच्याबरोबर बाहेर गेले.

त्यामुळे आज परत जाण्याचा विषय निघतो तेव्हा २०१६ची उजळणी म्हणून तो मांडला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. ते सार्वमत अमलात आले आहे. त्याचे अपील आता कुठेच होऊ शकत नाही. ब्रिटनला पूर्वीच्या सवलती, अर्थसंकल्पातली परतफेड किंवा युरोतून कायमची सूट, आपोआप परत मिळणार नाहीत. म्हणजे प्रश्न पूर्णपणे नवा आहे. २०२४मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने सामायिक बाजारपेठ, कस्टम्स युनियन आणि मुक्त संचार या तिन्हींकडे परतणार नाही असे जाहीरनाम्यात लिहिले होते, म्हणून तो सध्या विचारलाच जात नाही. तो विचारायचा झाला तर त्याआधी संसदेने कायदा करावा, आणि त्या कायद्यात निकाल माहीत नसतानाच तीन गोष्टी लिहाव्यात: मत तयार मसुद्यावर घेतले जाईल, कौल बंधनकारक असेल, आणि पुन्हा विचारायचे तर किमान किती वर्षांनी. शेवटची अट ब्रिटिश कायद्याला परकी नाही. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष थांबवणाऱ्या गुड फ्रायडे करारानंतरच्या १९९८च्या कायद्यात आयर्लंडच्या एकीकरणाबाबतचे मतदान सात वर्षांच्या आत पुन्हा घेता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. जिथे माणसे या प्रश्नावर तीस वर्षे एकमेकांचे जीव घेत होती, तिथे दोन्ही बाजूंनी ती अट मान्य केली. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याबाबतच्या २०१४च्या सार्वमतात मात्र असे काही लिहिले नाही. ‘एका पिढीत एकदा’ हे शब्द भाषणांतच राहिले, आणि पिढी म्हणजे किती वर्षे यावर एडिंबरा आणि लंडन आजतागायत भांडत आहेत.

तयार मसुद्यावर मत घेणे जमत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी नॉर्वे आहे. तिथल्या सरकारने दोन्ही वेळा आधी वाटाघाटी पूर्ण केल्या, प्रवेशाच्या अटी छापून लोकांपुढे ठेवल्या, आणि मग विचारले. १९७२मध्ये ५३.५ टक्क्यांनी नकार आला. बावीस वर्षांनी, १९९४मध्ये, नव्या अटींवर पुन्हा विचारले, आणि ५२.२ टक्क्यांनी पुन्हा नकार आला. दोन्ही वेळा फरक थोडाच होता, दोन्ही वेळा सरकार हरले, आणि दोन्ही वेळा निकाल टिकला.